इनास आणि टपाल-आगबोटीची अट

इनास डाबरेबद्दल लिहायचं मी चार वर्षं टाळलं. कारणं सगळी सभ्य होती. डोळ्याचं ऑपरेशन झालं, नातवंडं राहायला आली, कागदांचे खोके गॅरेजमध्ये फार वर ठेवले होते. खरं कारण एवढंच, की ही हकीकत सांगताना मी बरा दिसेन अशी जागा तिच्यात कुठे सापडत नव्हती. आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे आणि ती जागा सापडणार नाही हे मला कळलेलं आहे.

इनास कुठलाही कागद शेवटून वाचायचा. विम्याचा कागद असो, औषधाच्या डबीतली घडी असो, इथल्या मराठी मंडळाच्या सभेची सूचना असो, तो आधी उलटा करायचा आणि खालच्या बारीक अक्षरांना चष्मा लावायचा. सिडनीच्या दक्षिणेला पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात त्याने तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. "पुढे लिहितात ते दाखवायला," तो म्हणायचा, "मागे लिहितात ते करायला." माझं पुस्तकही त्याने शेवटूनच वाचलं होतं, आणि ते वाचूनच तो पहिल्यांदा माझ्याकडे आला.

त्या पुस्तकाबद्दल थोडं सांगायला हवं. मी वॉलॉंगॉंगच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. विषय होता टपालाच्या आगबोटींना मिळणारं सरकारी अनुदान. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथली सरकारं इंग्लंडहून टपाल आणणाऱ्या कंपन्यांना दरसाल एक ठरलेली रक्कम देत. पत्रांच्या वजनावर नाही. बोट ठरल्या दिवशी, ठरल्या वेगाने बंदराला लागली की पैसे. पिशव्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, याच्याशी देणं-घेणं नाही. हा खर्च किती दूरदृष्टीचा होता, हे मी दोनशे पानांत सिद्ध केलं होतं. पुस्तक दोन ठिकाणी सापडायचं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि पुण्याला माझ्या आईच्या कपाटात.

इनास नुकताच रिटायर झाला होता. माझ्या खोलीच्या दारात तो बोजड बूट घालून उभा राहिला आणि पाटीवरचं माझं नाव वाचून सरळ मराठीत म्हणाला, "हे तू लिहिलंस?"

"हो. आपण?"

"मी डाबरे. वसईचा. इथे कारखान्यात फिटर होतो. एक विचारू? टपाल किती आणि बाकी किती?"

"म्हणजे?"

"बोटीत टपालाच्या पिशव्या एवढ्या," त्याने हातांनी एक ट्रंक दाखवली. "आणि बाकी सगळी बोट लोकर, लोणी आणि पहिल्या वर्गातले साहेब. पैसे घेतले पत्रांच्या नावावर आणि गार खोल्या बांधल्या लोण्यासाठी. लढाई झाली तर त्याच बोटीवर तोफा. आणि तू लिहितोस, गोरगरिबांची पत्रं वेळेवर यावीत म्हणून! गोरगरीब पत्र लिहितात का रे आठवड्याला?"

माझ्या मनात एकच शब्द आला, फिटर. तो शब्द मनात यायला मला पाव सेकंद लागला असेल. पुढे वीस वर्षं तो तिथेच राहिला.

तो माणूस गोड नव्हता हेही लिहिलं पाहिजे. कंपन्या, मंत्री, बँका, बिशप, मंडळाचे अध्यक्ष या सगळ्यांबद्दल त्याला मनापासून तिरस्कार होता आणि तो लपवायचा त्याने कधी प्रयत्न केला नाही. सरकारने कुठल्याही उद्योगाला मदत जाहीर केली की त्याचा फोन यायचा. "प्रोफेसर, ऐकलंस? परत टपाल निघालं." घराच्या मागे त्याने केळी लावली होती आणि वसईसारखी सुकेळी करायचा त्याचा दरवर्षी हट्ट असे. समुद्राच्या वाऱ्याने ती कधी नीट सुकली नाहीत. चामड्यासारखी चिवट सुकेळी घेऊन तो आमच्याकडे यायचा, माझी बायको सुमती ती कौतुकाने चघळायची, आणि तो बजावायचा, "वहिनी, खोटं बोलू नका. वाईट झालीत."

आमच्या मंडळाबद्दल मी काय सांगू? डॉक्टर, इंजिनिअर, आयटीवाले, सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे सुसंस्कृत. वर्षानुवर्षं वर्गणी भरूनही स्मरणिकेत इनासचा उल्लेख 'आपले ख्रिस्ती स्नेही' असाच यायचा. एका गणपतीत त्याने अध्यक्षांना सगळ्यांसमोर विचारलं, "अजून स्नेहीच का? प्रमोशन कधी?" सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढच्या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे असताना मी तेच दोन शब्द परत छापले.

महामारीच्या आदल्या वर्षी तो एक तपकिरी पाकीट घेऊन घरी आला. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा काही मागितलं.

त्याचा आजा अशाच एका टपालाच्या आगबोटीवर कामाला होता. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात वाढायचं काम, म्हणजे स्टुअर्ड. गावातून बोटीवर गेलेला तो एकटाच. एके वर्षी तो करार अर्धा असतानाच परत आला. पगार तुटलेला, ट्रंक रिकामी. काय झालं ते त्याला धड सांगता आलं नाही, कारण त्यालाच कोणी सांगितलं नव्हतं. मग गावाने आपलं आपण ठरवलं, की साहेबाचे चांदीचे चमचे चोरले असणार. त्या दिवसापासून ते 'चमचेवाल्यांचं घर' झालं. आजा त्यातच गेला. बाप गेला. इनासची थोरली बहीण रोजाबाय हिचं लग्न ठरलेलं होतं; मुलाच्या आत्याने 'कोणाची? चमचेवाल्यांची?' असं विचारलं आणि ते मोडलं. मग ती जन्मभर माहेरीच राहिली, शाळेत शिवण शिकवत. तिचं वय तेव्हा शहाऐंशी.

"मला लहानपणी वाटायचं, आमच्या घरात कुठेतरी ते चमचे असतीलच," इनास म्हणाला. "मी शोधायचो."

पाकिटात त्या बोटीच्या कर्मचाऱ्यांच्या यादीची प्रत होती. रिटायर झाल्यापासून तो ट्रेनने सिडनीला जाऊन अभिलेखागारात बसायचा हे मला माहीत होतं. कशासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. यादीत एकाच दिवशी अकरा हिंदी माणसं कमी केल्याची नोंद होती. त्यात त्याचा आजा होता. वर्तणुकीच्या रकान्यात अकराही जणांपुढे एकच शेरा होता, उत्तम. त्यानंतरच्या फेरीत त्या बोटीवर एकही काळा माणूस नव्हता.

कारण एका कायद्यात होतं. वसाहती एकत्र येऊन हा देश झाला आणि नव्या संसदेने अगदी सुरुवातीलाच टपालाचा कायदा केला. त्यातल्या एका कलमाप्रमाणे, टपालासाठी सरकारी पैसे हवे असतील तर बोटीवर फक्त गोऱ्या माणसांनी काम करायचं. कंपनीने हिशेब केला. अनुदान ठेवलं आणि माणसं उतरवली.

इनासने माझं पुस्तक टेबलावर ठेवलं. "हे कलम यात नाही."

"तो वेगळा विषय आहे," मी म्हणालो. "जागेअभावी काही गोष्टी घेता येत नाहीत."

"दोनशे पानं होती रे."

त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"वाचलंच नव्हतंस की वाचून गाळलंस?"

"त्या वेळी नजरेतून सुटलं असेल," मी म्हणालो.

ते सुटलेलं नव्हतं, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. त्या कलमावर मी चार पानं लिहिली होती. तेव्हा माझी नोकरी कायम व्हायची होती. विभागप्रमुख भला माणूस होता. त्याने हस्तलिखित वाचून फक्त विचारलं, हा भाग जरा बाजूचा नाही का वाटत? काढ असं तो म्हणाला नाही. मीच म्हणालो, बरोबर आहे, बाजूचाच आहे. संध्याकाळपर्यंत ती चार पानं टोपलीत होती. ज्या अटीने आपल्याच किनाऱ्यावरची माणसं उपाशी घरी पाठवली, ती अट मी एका पक्क्या नोकरीसाठी बाजूची ठरवली. कंपनीने तरी भरपूर पैसे मिळवले.

इनासला माझ्याकडून फक्त दोन पानं हवी होती. कायदा काय होता, ती यादी काय सांगते आणि आजाला का उतरवलं, हे मराठीत, सहीनिशी. गावच्या फादरनी ती मासिकात छापायचं आणि वाचून दाखवायचं कबूल केलं होतं.

"तूच लिही की," मी म्हटलं. "तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मी लिहिलं तर काय म्हणतील? घरचाच आहे, घरच्याची बाजू घेतोय. चमचेवालाच तो." तो सरळ माझ्याकडे बघत होता. "तुझं आडनाव लागेल, प्रोफेसर. पुण्याचं. माझं चालत नाही."

अख्ख्या जगाला तुच्छ लेखणारा माणूस आडनावासाठी माझ्या दारात आला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

महिन्याभरात देतो, असं मी त्याला सांगितलं. दिलं नाही. ती दोन पानं लिहायची म्हणजे माझ्या पुस्तकात ते कलम का नाही, हे कोणीतरी विचारणार. शहात्तराव्या वर्षी मला ते नको होतं, म्हणजे वसईच्या एका चर्चच्या मासिकालासुद्धा मी घाबरलो.

मग महामारी आली. सीमा बंद झाल्या, विमानं थांबली, भारतातली पत्रं येईनात. सरकार माल नेण्यासाठी विमानकंपन्यांना पैसे देऊ लागलं. इनासला उधाण आलं. "प्रोफेसर, विमानात माणूस नाही, शेवंडासारखा क्रेफिश आहे! आपली माणसं इंडियात अडकलीत, आयांची तोंडं बघायला मिळत नाहीत, आणि क्रेफिश चाललाय सरकारी खर्चाने. सांग, टपाल किती आणि बाकी किती?" आणि प्रत्येक फोनच्या शेवटी आवाज उतरवून, "ते आपलं दोन पानांचं?"

"चालू आहे," मी म्हणायचो.

त्या हिवाळ्यात मंडळाची सेक्रेटरी केतकी हिने मला झूमवर व्याख्यान द्यायला सांगितलं. "काका, लोक घरात बसून जाम बोअर झालेत. तुमचं ते शिप्सचं सांगा ना, आता फ्लाइट्सचंही चाललंय तर सूट होईल." सिडनीतल्या कॅसल हिलपासून थेट पश्चिमेकडच्या कालगुर्लीपर्यंतचे साठेक चेहरे पडद्यावर होते. केतकीचं नेट सारखं जात होतं, म्हणून तिने होस्टचे अधिकार मला देऊन ठेवले. मी छान बोललो. आगबोटी, लोणी, तोफा, मग विमानं आणि क्रेफिश. "तेव्हा मित्रहो," मी म्हणालो, "अनुदान दिसलं की एकच प्रश्न विचारायचा. टपाल किती आणि बाकी किती?" पडद्यावर हसरे चेहरे आणि टाळ्या वर तरंगू लागल्या. ते वाक्य कोणाचं, हे मी सांगितलं नाही.

खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत इनास होता, छताचा पंखा आणि अर्धं कपाळ. त्याचा आवाज आला.

"छान बोललास, प्रोफेसर. आता ती अट सांग. बोटीवर कोणी काम करायचं आणि कोणी नाही, ते सांग. पुस्तकात का घातली नाहीस तेही..."

मी त्याचा आवाज बंद केला. एका बटणाचं काम होतं.

त्याचे ओठ हलत राहिले. सगळे मदतीला धावले. "इनासकाका, म्यूटवर आहात!" "अंकल, बॉटम लेफ्ट, माइकचं चित्र!" "नो वरीज, टेक युअर टाइम!" तो चष्मा वर करून खाली करून बटण शोधत होता. एकदा त्याला सापडलं. "प्रोफेसर..." एवढं ऐकू आलं आणि मी परत बंद केलं. या वेळी त्याने बटण शोधलं नाही. तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला, त्याचा पूर्ण चेहरा पहिल्यांदा दिसला, आणि मग चौकट गेली.

"बिचाऱ्यांना टेक्नॉलॉजी जमत नाही," कोणीतरी हळहळलं.

"हो ना," मी म्हणालो.

सुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला माझा पडदा दिसत होता. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तू त्याला फोन केलास?" मी म्हटलं, करतो.

पुढच्या वर्षी दुसरा मोठा लॉकडाऊन लागला तेव्हा इनास हॉस्पिटलात होता. फुप्फुसं भट्टीच्या धुळीने आधीच गेलेली, त्यात हा आजार. भेटायला कोणाला सोडत नव्हते. त्याच्या मागे इथे कोणी नव्हतं. बायको वारलेली, मूल नाही. भेटीसाठी म्हणून त्याने माझा नंबर दिला होता. नखशिखान्त झाकलेल्या एका नर्सने टॅबलेट त्याच्यासमोर धरला. "टेन मिनिट्स, लव्ह," ती म्हणाली.

मी काय बोलायचं ते ठरवून बसलो होतो. त्याने मास्क थोडा सरकवला. "लिहिलंस?"

"होत आलंय. शेवटचा हात फिरवतोय."

"रोजा अठ्ठ्याऐंशीची आहे."

"हो."

"त्या दिवसाचं सोड. रागवायला मला दम नाही आता. दोन पानं दे फक्त. तिला माणसांसमोर ऐकू दे."

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "इनास, तुझा आवाज तुटतोय." आवाज अजिबात तुटत नव्हता. नर्सने टॅबलेट हलवून पाहिला, त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि मी हात हलवून निरोप घेतला. चार दिवसांनी तो गेला. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. कारखान्यातले जुने सोबती होते, शेजारीण होती. दहावी जागा सुमतीने घेतली. मला तिने विचारलं नाही.

त्यानंतर मी ती दोन पानं लिहिली. एका सकाळीत झाली. दोन वर्षं ज्याला लागली ते काम नाश्ता आणि जेवण यांच्या मधे उरकलं. कायदा, यादी, अकरा नावं, 'उत्तम' हा शेरा, आणि खाली माझं नाव, पदवी, विद्यापीठ. माझ्या टोपलीत गेलेल्या चार पानांबद्दल एक ओळही मी त्यात घातली नाही. फादरना ईमेल केलं. तिकडची चर्च उघडल्यावर त्यांनी एका रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर ते वाचून दाखवलं.

रोजाबायचा फोन भाचीच्या मोबाइलवरून आला. आवाज खणखणीत होता, मास्तरणीचा.

"साहेब, फादरनी सगळं वाचलं. एक शब्द सोडला नाही. मी पुढच्या बाकावर होते. माणसं वळून वळून बघत होती. आयुष्यभर बघितलं त्यांनी, पण हे बघणं वेगळं होतं."

"बरं झालं," मी म्हणालो.

"जिथे माझं ठरलं होतं ना, त्या घरची नातसून आली. माझा हात धरून उभी राहिली. काही बोलली नाही. पण आली. इनास नाही बघायला. तुमचे फार उपकार झाले. तो मला नेहमी सांगायचा, प्रोफेसर कामात असतो, उशीर होतो त्याला, पण शब्दाचा पक्का आहे. तू घाबरू नको, तो देणार."

व्याख्यानानंतरही त्याने तिला हेच सांगितलं होतं का, हे मी विचारलं नाही. माझ्यासमोर एक कागद होता. फोन येणार हे कळल्यावर मी तो लिहून ठेवला होता, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळायला नको.

"रोजाबाय, मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"सांगा ना, साहेब."

"तब्येतीला जपा."

"जपते हो. देव तुमचं भलं करो."

ती पुढच्या पावसाळ्यात गेली. तो कागद अजून माझ्याकडे आहे, आणि त्यावर लिहिलं आहे: "रोजाबाय, तुमच्या आजाला का उतरवलं हे मला इनासच्या आधी चाळीस वर्षं माहीत होतं. मी ते लपवलं. इनास ते सगळ्यांसमोर सांगत होता तेव्हा त्याचा आवाज मी बंद केला, आणि त्याने मरताना मागितलं तेव्हाही खोटं बोललो. तो हयात असताना तुम्हाला हे ऐकायला मिळालं असतं. मिळालं नाही ते माझ्यामुळे. त्याची माफी मागायची राहिली, म्हणून तुमची मागतो."